परसातले तलंगे: खच्ची करायचे, की वेळेवर कापायचे?

कुळागर_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचं लहानसं कुळागर आहे. माड-पोफळींखाली गावठी कोंबड्या पूर्वापार आहेत, पण त्या अंड्यांसाठी. चिकन दुकानातून यायचं, म्हणजे घाट उतरून आलेला ब्रॉयलर. या वर्षी घरात ठरलं की मांसही आपल्याच परसातलं खायचं. खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या, शिवाय वनराजा या सुधारित जातीची थोडी पिल्लं आणली. पिल्लं आता सात-आठ आठवड्यांची झालीत आणि त्यात निम्म्याहून जास्त नर, म्हणजे तलंगे, निघालेत. तुरे लाल व्हायला लागलेत, मानेची पिसं फुगवून एकमेकांसमोर उभे राहतात. पुढे हे तलंगांना (कोवळ्या कोंबड्यांना) छळणार आणि पहाटे चारपासून आरवणार, हे आत्ताच दिसतंय.

मामांचं म्हणणं असं की बोकड खच्ची करतात तसे कोंबडेही करता येतात, मग ते भांडत नाहीत, अंग धरतात आणि मांस मऊ राहतं. मी व्हिडिओ पाहिले. हात पुढे होईना.

मला विचारायचंय ते असं. हे आपल्याकडे करावं का? नाही केलं तर गावठी तलंगा कोणत्या वयात कापावा? आणि पक्ष्याला कमीत कमी त्रास होईल अशी कापायची रीत कोणती? आपणच दाणे घातलेल्या पक्ष्यावर सुरी ठेवायची आहे, तेव्हा अर्धवट माहितीवर काही करायचं नाही.

माडाखाली

पेडण्याहून लिहितोय. बाकीची चर्चा होईल तेव्हा होईल, पहिलं काम आजच करा: नर वेगळे काढा. एकत्र वाढलेले तलंगे कोंबड्यांच्या नजरेआड ठेवले तर त्यांची भांडणं पुष्कळ कमी होतात. नुसती जाळी पुरत नाही, पलीकडची कोंबडी दिसता कामा नये. जाळीला चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसा बांधा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, तो चांगल्या अंगाचा आणि शांत स्वभावाचा बघून ठेवा. उरलेले खाण्यासाठी.

जागा ऐसपैस द्या, पण रात्री खुराडं बंद म्हणजे बंद. मुंगूस दिवसा येतो, कांडेचोर रात्री, आणि आजगर पावसाळ्यात कधीही. कोंबडीची जाळी कुत्रा अडवते, मुंगसाच्या पिल्लाला अडवत नाही. खालच्या दीड फुटाला बारीक भोकांची वेल्डमेश लावा आणि तिची कड जमिनीत गाडा.

खाद्याचं म्हणाल तर कणी, भाताचा कोंडा, भरडलेला मका आणि थोडी खोबऱ्याची पेंड एवढ्यावर गावठी जगतो. अंग धरायला मात्र प्रथिनं हवीत. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड घाला, वाळवीचं वारूळ मिळालं तर उत्तमच. घरातलं खारं, सुकं मासळीचं उरलंसुरलं घालू नका, मीठ कोंबड्यांना बाधतं. आणि मासळी बिनमिठाची असली तरी कापायच्या आधीचे दोन आठवडे ती बंद ठेवा. मांसाला वास येतो, तो कुठल्याही मसाल्याने जात नाही.

खच्ची करण्याबद्दल मी बोलणार नाही. इथे एक पशुवैद्य आहेत, त्यांना विचारा.

पशुवैद्य_सत्तरी

विचारलंत ते बरं केलंत, कारण 'बोकडासारखंच' ही समजूत मुळात खरी नाही. बोकडाचे वृषण बाहेर पिशवीत असतात. कोंबड्याचे पोटात, पाठीच्या कण्याला लागून, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी आणि फुफ्फुसांच्या मागे असतात. बाहेरून दाबून किंवा चिमट्याने काहीच होत नाही. कोंबडा खच्ची करणं म्हणजे पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया.

जिथे हे करतात तिथली पद्धत सांगतो, म्हणजे काय मागितलं जातंय ते कळेल. वय साधारण सहा ते आठ आठवडे. त्याआधी वृषण इतके बारीक असतात की धरता येत नाहीत, आणि उशीर झाला की रक्तवाहिन्या मोठ्या होतात. आतडी रिकामी असल्याशिवाय आतलं दिसत नाही, म्हणून पक्ष्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतात. कुशीवर आडवा करून पंख आणि पाय ताणून बांधतात, शेवटच्या दोन बरगड्यांमधली पिसं काढून तिथे छेद घेतात, बरगड्या फाकवून धरायचं अवजार बसवतात आणि आतला पातळ पडदा फाडतात. मग कण्यालगत तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा, फिकट पिवळसर वृषण दिसतो. दोन्ही एकाच बाजूने काढायचे असतील तर खालचा आधी काढतात, कारण वरच्या जागेतून रक्त आलं की खालचा दिसतच नाही. आणि त्याला अगदी खेटून शरीरातली मोठी रक्तवाहिनी असते. चिमटा केसभर सरकला की पक्षी टेबलावरच जातो.

दुसरी अडचण अशी की वृषणाचा लहानसा तुकडा जरी आत राहिला तरी तो पुन्हा वाढतो. असा पक्षी धड कोंबडा नाही, धड केपन (खच्ची केलेला कोंबडा) नाही. आरवतो, भांडतो, आणि शस्त्रक्रिया सोसलेली ती फुकट. नीट झाली तरी पुढचा आठवडाभर जखमेजवळ कातडीखाली हवा भरून फुगवटा येऊ शकतो, तो रोज पाहावा लागतो.

हे सगळं भूल-औषधांशिवाय, स्वयंपाकघरातल्या चिमट्याने करणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. पक्षी ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं नाही. भक्ष्य होणारे प्राणी वेदना लपवतात. आणि पक्ष्याला भूल देणं कुत्र्या-मांजराला देण्यापेक्षा नाजूक काम आहे, त्यांची श्वसनाची रचनाच वेगळी आहे. घरी करू नका, ही माझी स्पष्ट सूचना आहे.

लिस्बनमुक्काम

डॉक्टरांचं पटतं. तरी इथे पोर्तुगालमध्ये केपनचा केवढा मान आहे ते सांगावंसं वाटतं. उत्तरेकडे फ्रेयामुंदे नावाचं गाव आहे. तिथे १३ डिसेंबरला, सांता लुझियाच्या दिवशी, केपनचा बाजार भरतो. नाताळात सारण भरून, लाकडाच्या भट्टीत भाजून खातात. मांस खरोखर वेगळं लागतं: चरबी नुसती कातडीखाली साठून न राहता मांसाच्या धाग्यांमध्येही उतरलेली असते, आणि छातीचा भागही कोरडा पडत नाही. फ्रान्सात ब्रेस भागातल्या कोंबड्यांना १९५७ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तिथला केपन किमान आठ महिने वाढवतात, शेवटी दूध आणि धान्यावर ठेवतात, आणि कापल्यावर कापडात घट्ट शिवून विकायला मांडतात.

या सगळ्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे, आणि वर्षातून एकदा भरपूर पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुरा सुकलेला, फिकट तोंडाचा कोंबडा नेला तर लोक आजारी समजून पुढे जातील.

दोडामार्गकर

लिस्बनकरांनी शेवटी लिहिलंय ते आमच्या धंद्याचं मर्म आहे. आमच्याकडे आणि तिकडे पेडण्या-डिचोलीतही राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला द्यायला, कोंबडा लागतो. त्यासाठी लोक ताठ तुऱ्याचा, झळझळीत शेपटीचा, आरवणारा कोंबडाच बघतात आणि मागाल तो भाव देतात. तो कोंबडा खच्ची करणं म्हणजे त्याची किंमत स्वतःच उतरवणं.

खर्चाचा हिशोबही बघा. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन किलो होतो. गावठी तलंगा पाच-सहा महिन्यांत किलो-सव्वा किलो. खच्ची केल्याचा फायदा वयात आल्यानंतर दिसायला लागतो, म्हणजे आधीच सावकाश वाढणारा पक्षी आणखी कितीतरी महिने पोसायचा. कुळागरात फिरून खाणाऱ्याचा खर्च कमी असतो हे खरं, पण मुंगूस, मर आणि पाऊस यांतून तेवढे महिने सगळे टिकत नाहीत.

तुळशीवृंदावन

मी स्वतः मांस खात नाही, घरातले खातात. धागा सगळा वाचला. एक प्रश्न मनापासून विचारते. ज्याला शेवटी मारायचंच आहे त्याला आधी एवढ्या वेदना का द्यायच्या, केवळ मांस मऊ व्हावं म्हणून? कापणं मी समजू शकते, खाणाऱ्याच्या घरी ते होणारच. पण हे मला पटत नाही. आणि कायद्याने तरी चालतं का?

पशुवैद्य_सत्तरी

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये विनाकारण अंगच्छेद आणि वेदना देणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात जनावरांच्या खच्चीकरणाला सूट आहे, पण ती 'विहित पद्धतीने' केलेल्या खच्चीकरणाला. पत्र्याच्या टेबलावर ब्लेडने केलेली हौस त्यात बसेल असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये तर कोंबड्यांच्या खच्चीकरणाला बंदीच आहे.

एकेकाळी सुरीऐवजी औषधाचाही मार्ग काढला होता. अमेरिकेत कोंबड्याच्या मानेत कातडीखाली स्त्री-संप्रेरकाची गोळी बसवत. ते औषध मांसात उतरतं आणि माणसाला घातक ठरतं हे पुढे आलं, आणि १९५९ मध्ये कोंबड्यांसाठी त्याचा वापर थांबवला गेला. त्यामुळे तोही मार्ग नाही. कोणी 'इंजेक्शन देऊन कोंबडा थंड करतो' म्हणून आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

या शस्त्रक्रियेने विज्ञानाला मात्र मोठी देणगी दिली. १८४९ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला बर्टहोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोवळे कोंबडे खच्ची केले. काहींच्या पोटात वृषण परत ठेवले, तेही मूळ जागेपासून दूर. ते पक्षी पुढे तुरा फुलवून आरवायला लागले, बाकीच्यांचे तुरे सुकले. नसांची जोडणी तुटलेली असूनही परिणाम झाला, म्हणजे काहीतरी रक्तातून शरीरभर जातंय, हे त्यातून दिसलं. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मानतात.

आता कुळागरवाल्यांच्या मूळ अडचणीचं उत्तर. मांस मऊ हवंय ना? मग वय सांभाळा. कोंबडा जून झाला की मांसातल्या जोड-ऊतींचे धागे एकमेकांत पक्के गुंततात, म्हणून तो चिवट लागतो. वनराजाचे नर १२ ते १४ आठवड्यांना आणि गावठी १४ ते १८ आठवड्यांना काढा. त्या वेळी अंग बऱ्यापैकी भरलेलं असतं, भांडणं नुकती सुरू होत असतात आणि मांस कोवळं असतं. खच्ची करून जे मिळवायचं त्यातलं बरंचसं वेळेवर कापून मिळतं, आणि पक्ष्याला जिवंतपणी ते सोसावं लागत नाही.

कुळागर_फोंडा

डॉक्टर, मनावरचं ओझं उतरलं. खच्ची करणार नाही, ठरलं. मामांनाही हा धागा वाचायला दिला. नर आज वेगळे केले, जाळीला चुडतं बांधली.

आता पावसाचं सांगा. हे तलंगे भर पावसाळ्यात मोठे होणार. गेल्या पावसात पिल्लांना रक्ताची हगवण लागली होती.

दोडामार्गकर

ती रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस. ओल्या गादीत तिचे जंतू वाढतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा जमिनीवरचं खुराडं कोरडं राहणं कठीण. बांबूच्या किंवा पोफळीच्या चिवांचं तळ असलेलं, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच खुराडं करा. विष्ठा खाली पडून जाते. खाली गादीच हवी असेल तर तूस घाला, रोज वर-खाली करा, ओला झालेला भाग त्याच दिवशी काढा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, नाहीतर सगळी ओल तिथूनच सुरू होते.

पशुवैद्य_सत्तरी

यात लसीकरणाची भर घालतो. गावठीला रोग लागत नाही असं समजून लोक लस देत नाहीत, आणि मग मानमोडीत अख्खं परस रिकामं होतं. मानमोडी म्हणजे रानीखेत. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, चार आठवड्यांच्या सुमाराला लासोटा लसीचा दुसरा डोस, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी ही लस टोचायची. तुमची पिल्लं त्याच वयाला येतायत, तेव्हा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणायची आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवायची. एका कुपीत बरेच डोस असतात, म्हणून वाड्यावरच्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं जमवली तर सगळ्यांचं भागतं.

कापण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी विसरू नका. प्रतिजैविक किंवा हगवणीचं औषध दिलं असेल तर त्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तो पक्षी खायचा नाही. आणि आजारी वाटणारा पक्षी 'मरण्याआधी कापून टाकू' म्हणून कधीही कापायचा नाही. एकाएकी बरेच पक्षी दगावले तर हात न लावता दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूच्या बाबतीत सर्वांत जास्त धोका कापणाऱ्या आणि सोलणाऱ्या माणसाला असतो.

परसूतली_बाय

मी मांद्र्याकडची. आमच्या घरी कोंबडा कापणं हे बायकांचंच काम होतं, मी सासूबाईंकडून शिकले. कापायचं कसं हे अजून कोणी नीट लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पक्षी आदल्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, झोपेतून उचलून डालग्याखाली ठेवायचा. दिवसा पाठलाग करून धरलेला कोंबडा घाबरतो, धापा टाकतो, आणि मांसही नीट होत नाही. रात्रीपासून दाणे बंद, पाणी चालू. आठ-दहा तासांत पोट रिकामं होतं आणि साफ करताना घाण फुटत नाही. सकाळी उन्हाच्या आधी, बाकीच्या कोंबड्यांना दिसणार नाही अशा जागी काम करायचं. सुरी आदल्या दिवशीच दगडावर लावून ठेवायची. बोथट सुरीने कापणं हे पाप, असं सासूबाई म्हणायच्या आणि मीही तेच म्हणते.

पूर्वी पंख पायाखाली दाबून धरायचे. मी आता तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा शंकू करते. तळ कापून टाकायचा, तोंडाकडचा भाग मान बाहेर येईल इतका मोठा कापायचा आणि पायरीजवळ खांबाला उलटा बांधायचा. कोंबडा डोकं खाली करून आत सोडला की पंख मिटलेले राहतात आणि तो अगदी शांत होतो. डाव्या हाताने डोकं धरून, जबड्याच्या हाडाच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच खोल ओढीत कापायच्या. हात थांबता कामा नये. रक्त सरळ खाली भांड्यात जातं. दोनेक मिनिटांत सगळं रक्त निघून जातं. नंतर पाय झाडतो तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, अजून जिवंत आहे. तेव्हा शुद्ध गेलेली असते, पण पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी सारखं घेतलं की साठ-बासष्ट अंशांच्या आसपास येतं. पाय धरून कोंबडा त्यात बुडवायचा, हलवत राहायचं, म्हणजे पाणी पिसांच्या मुळाशी पोचतं. मिनिटभराने पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं. सहज सुटलं की बाहेर. पाणी जास्त कडक असलं तर पिसांबरोबर कातडी सोलवटते. आधी पंख आणि शेपटी, मग छाती, शेवटी मान. पिसं काढल्यावर बारीक लव राहते ती सुक्या चुडताच्या जाळावर फिरवून जाळायची. कातडी ताणली जाते, पिवळसर चकाकते आणि तो खमंग वास येतो, गावठीची निम्मी चव मला तिथेच वाटते. मग हळद चोळून धुवायचं.

साफ करताना घाई नको. पाय सांध्यात सुरी घालून काढायचे, हाड फोडायचं नाही. शेपटीच्या मुळाशी पिवळी तेलाची गाठ असते, ती मुळासकट काढायची, नाहीतर रश्श्याला वास मारतो. गळ्याशी अन्नाची पिशवी असते, ती बोटाने सैल करून घ्यायची. मग मागच्या बाजूला, आतडं न कापता, भोवताली छेद देऊन हात आत घालायचा आणि पेटा (दाणे भरडणारी कडक पिशवी) धरून सगळं एकदम ओढायचं. काळजाला चिकटलेलं हिरवं पित्त फुटू द्यायचं नाही. फुटलंच तर तेवढं काळीज टाकून द्यायचं आणि आतून लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. पेटा मधोमध चिरून, आतली वाळू काढून, पिवळी साल सोलायची. बरगड्यांना चिकटलेली गुलाबी फुफ्फुसं नखाने खरवडून काढायची.

आत बघितलंत तर कण्याला लागून दोन पांढरट गोळ्या दिसतील. तलंग्याच्या चवळीएवढ्या, मोठ्या कोंबड्याच्या त्याहून पुष्कळ मोठ्या. डॉक्टरांनी लिहिलं ते हेच. कोंबडा पूर्ण उघडलेला असताना, भर उजेडात, तिथे बोट नेताना जवळची जाड शीर बोटाला लागते. जिवंत पिल्लाच्या दोन बरगड्यांच्या फटीतून तिथे चिमटा घालायचा, हा विचार माझ्याने करवत नाही. कुळागरवाल्या दादांनी नाही म्हटलं ते फार बरं केलं.

कुळागर_फोंडा

बाय, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. कॅन कापून ठेवतो. कापल्यावर लगेच शिजवायचा का? आमच्याकडे लगेच चुलीवर चढतो, आणि कधी कधी रबरासारखा लागतो.

परसूतली_बाय

एक तर कापल्याबरोबर, अंग कडक व्हायच्या आत, चुलीवर चढवायचा. नाहीतर एक रात्र फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात झाकून ठेवायचा. मधल्या वेळात, ताठरलेला असताना शिजवला तर तसाच लागणार. पाय हलवून बघा, सैल झाला की तयार. आमच्या घरी आता रात्रभरच ठेवतो. आणि फ्रीजरमध्ये घालायचा असेल तरीही आधी ही रात्र जाऊ द्या.

तुमचे १४-१५ आठवड्यांचे तलंगे काफ्रियालला उत्तम. हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं-लसूण, मिरी आणि माडाचा शिरका लावून तव्यावर. शागोतीला थोडा जून पक्षीच हवा. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात तो सावकाश शिजतो तेव्हा हाडातला रस उतरतो, कोवळा त्यात विरघळून जातो. वर्ष उलटलेला कोंबडा असेल तर कच्च्या पपईचा लहान तुकडा वाटून तासभर लावा, जास्त वेळ नको, वरून पीठ होतं. पाय टाकू नका. उकळत्या पाण्यात बुडवून वरची साल आणि नखांची टोपणं ओढून काढा. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला त्यांचंच सार देतात.

तुळशीवृंदावन

मी खाणारी नाही, तरी बायचं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं. रात्री अंधारात उचलणं, बाकीच्यांच्या नजरेआड नेणं, सुरीला धार ठेवणं, हे कोणीतरी एवढ्या काळजीने करतं याचं बरं वाटलं. आमच्या घरी कोंबडा येतो तो दुकानातून पाय बांधून, स्कूटरच्या हँडलला उलटा लटकवून. ते तरी थांबायला हवं. नवऱ्याला सांगून ठेवलं आहे, यापुढे टोपलीतूनच आणायचा.

माडाखाली

ताई, स्कूटरवरचं अगदी खरं बोललात. भोकं पाडलेल्या खोक्यातून आणला तरी पुरतो.

दादा, पुढच्या वर्षीचं आत्ताच आखा. श्रावण लागला की चवथीपर्यंत अर्ध्या घरांत कोंबडा शिजत नाही, आणि तुमचे तलंगे नेमके तेव्हा तयार झाले तर ते जून होत बसतील. म्हणून शिगम्याच्या (होळीच्या) सुमाराला अंडी बसवा. २१ दिवसांनी, एप्रिलच्या सुरुवातीला पिल्लं निघतात. तेव्हा उकाडा असतो, पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांपर्यंत ऊब लागते ती बरीचशी हवेतूनच मिळते, बल्ब रात्रीपुरता. जूनचा पाऊस येईतो ती पिसांनी भरलेली असतात. जुलैच्या मध्यावर पंधराव्या आठवड्याला पोचतात, म्हणजे आषाढाच्या अवसेआधी सगळे नर काढून होतात. भावही वर्षातला सर्वांत चांगला तेव्हाच.

दोडामार्गकर

विकायचे झाले तर एक लक्षात ठेवा. जिवंत कोंबडा विकणं वेगळं आणि कापून, साफ करून विकणं वेगळं. कापून विकायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतचं काम लहान व्यावसायिकांच्या साध्या नोंदणीत बसतं. पंचायतीलाही विचारून घ्या. पिसं आणि आतडी उघड्यावर टाकू नका, वाड्यावरची कुत्री एकदा चटावली की खुराड्यापर्यंत येतात. माडाच्या आळ्याजवळ दोन फूट खड्डा करून, वर चुना आणि माती घालून पुरा.

कुळागर_फोंडा

सगळं वहीत उतरवून घेतलं. आर-टू-बीसाठी वाड्यावरच्या तीन घरांना विचारलं, तिघंही तयार आहेत, या शनिवारी एकत्र पिल्लं आणतील. वनराजाचे नर आधी काढणार, गावठी त्यानंतर. पुढच्या खेपेची पिल्लं जुन्या गोव्यात एलाच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेत मिळतात का ते विचारणार आहे. बाय, पहिल्या वेळी तुम्ही फोनवर असाल तर मला धीर येईल. नंबर इथे देत नाही, व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

परसूतली_बाय

पाठवा. फोन स्पीकरवर ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतात. आणि त्या दिवशी एकच पक्षी काढा, दुसरा पुढच्या आठवड्यात.